दोन पातेली, एक जंगल

निघण्याच्या आधल्या रविवारी अलिबागला गेलो आणि नवगावच्या किनाऱ्यावर भांडी बुडवून आलो. स्टीलची दोन पातेली, एक तवा, दोन सुऱ्या, एक झारा. दुकानातून आणलेलं धातूचं नवं भांडं आम्ही तसंच चुलीवर चढवत नाही. समुद्रात, नदीत किंवा मिकवाच्या कुंडात ते पुरतं बुडवायचं, आशीर्वाद म्हणायचा, मग ते घरचं झालं. आधी लेबल खरवडून काढावं लागतं. डिंकाचा पापुद्रा राहिला तर तेवढ्या जागेला पाणी लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी पातेलं हातातून सोडलं आणि लगेच धरलं, कारण धरलेल्या बोटांखालीही पाणी जायला हवं.

फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात बायका याच किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आमचा वंश वाढला, असं आम्ही बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आफ्रिकेच्या जंगलात ज्या भांड्यात शिजवणार, त्याला आधी इथलं पाणी लागावं असं मला मनापासून वाटलं.

*

धाकटी बहीण अश्दोदला असते. फोनवर म्हणाली, "ताई, या वेळी लग्नकार्य नको, नातेवाइकांकडे फेऱ्या नकोत. कुठेतरी निवांत बसू. जनावरं बघू. आणि जेवणाचं मी बघते, तू घाबरू नकोस."

जेवणाचंच तर सगळं बघायचं होतं.

दक्षिण आफ्रिकेत कोशर, म्हणजे आमच्या यहुदी आहारनियमांत बसणाऱ्या, सफारी चालवणाऱ्या कंपन्या आहेत. सोबत आचारी असतो, देखरेख करणारा माणूस असतो, सिनेगॉगसारखी प्रार्थनाही होते. पैसेही तसेच मोजावे लागतात. आम्ही क्रुगर राष्ट्रीय उद्यान निवडलं ते साध्या कारणासाठी: तिथल्या सरकारी कॅम्पांत स्वयंपाकाची सोय असलेली झोपडीवजा घरं भाड्याने मिळतात. स्वतःचं पातेलं, स्वतःची चूल. कोशर पाळणाऱ्याला याहून मोठी चैन नाही.

*

१८९८ मध्ये पॉल क्रुगरने साबी नदीकाठचं रान राखीव केलं, १९२६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र एकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर जवळपास तेवढा मुलूख होतो. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. सूर्य मावळला की कॅम्पचं फाटक बंद. घाई करायची म्हटलं तरी करता येत नाही.

*

विमानात आम्ही कोशर जेवण मागवलं होतं. ते दुहेरी सीलबंद येतं आणि प्रवाशासमोरच फोडायचं असतं. सील हाच त्याचा पुरावा. आमचं आलं ते उघडून, छान गरम करून, दुसऱ्या ताटलीत वाढून. त्या मुलीने चांगुलपणानेच केलं होतं. मी तिला नीट समजावून सांगितलं, तिचा चेहरा पडला, आणि मलाच वाईट वाटलं. मग आम्ही घरचा पोह्यांचा चिवडा काढला. पोहे हे प्रवासाला निघालेल्या बेने इस्राएलचं खरं अन्न. मांसात नाही, दुधात नाही, विस्तव नसला तरी चालतं, पाणी शिंपडलं की जेवण.

*

जोहान्सबर्गचं ग्लेनहेझल. कोपऱ्याकोपऱ्यावर कोशर बेकरी, कोशर खाटीक, शुक्रवारी सकाळी पावाचा वास. इथले बहुतेक यहुदी मूळचे लिथुआनियाचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आणि विसाव्याच्या सुरुवातीला यांचे आजे-पणजे इथे आले. गाठोडं पाठीवर घेऊन खेड्यापाड्यांतून माल विकत फिरणाऱ्यांना इथे 'स्माऊस' म्हणत. आमचे लोक कोकणात घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी असताना मला हे आठवलं. दोन्हीकडे धंदा पोटासाठी आणि एक दिवस देवासाठी.

खरेदी: गोठवलेलं बीफ, दोन कोंबड्या, बूरवॉर्स नावाची मसालेदार लांब सॉसेज (बाहेर मिळते तिच्यात डुकराची चरबी असू शकते, इथे निव्वळ बीफ), आणि बिल्टाँग. बिल्टाँग म्हणजे व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भरपूर धणे लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. धण्यांच्या वासाने मला परकं असं काही वाटलंच नाही. फोर्ड्सबर्गच्या हिंदुस्थानी दुकानांतून पोहे, तांदूळ, नारळाच्या दुधाचे डबे आणि कडवे वाल घेतले. सुपरमार्केटात अगदी साध्या साध्या डब्यांवर बेथ दिनचा, म्हणजे यहुदी धर्मन्यायालयाचा, शिक्का दिसतो, त्यामुळे तेल, मीठ, साखर, जॅम यांची चिंता मिटते.

मांस मात्र इथेच घ्यावं लागतं. पुढे ४०० किलोमीटर कोशर खाटीक नाही.

*

वाटेत डल्स्ट्रूमला ट्राउट मासा घेतला. थंड हवेचं गाव, तळ्यांत ट्राउट पाळलेले. विक्रेत्याने कापून, कातडी काढून द्यायची तयारी दाखवली. बहीण म्हणाली, नको, अख्खा दे. मग तिने डावा अंगठा माशाच्या पोटावर ठेवला आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने शेपटीकडून डोक्याकडे हलकेच खरवडलं. ट्राउटचा खवला इतका बारीक की दिसत नाही, नखाला लागतो. नखावर पारदर्शक टिकली आली. ती तिने उन्हाकडे धरून पाहिली. कातडी न फाटता खवला सुटला पाहिजे, ही खूण. पर आणि खवले दोन्ही असतील तरच मासा चालतो. म्हणून रावस चालतो, आणि शिंगाळा, मुशी, कोलंबी, खेकडा चालत नाहीत.

आमची आई अलिबागच्या बाजारात असंच करायची, कोळणीशी बोलता बोलता, न बघता.

आमच्यात एक कथा सांगतात. दावीद रहाबी कोकणात आला तेव्हा हे तेल गाळणारे लोक खरंच यहुदी का, याची त्याला परीक्षा घ्यायची होती. त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे मिसळून ठेवले आणि शिजवायला सांगितले. बायकांनी खवल्याचे वेगळे काढले, बिनखवल्याचे बाजूला सारले. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली होती, बोटांना मात्र माहीत होतं. ही कथा मी लहानपणापासून शंभरदा ऐकली. डल्स्ट्रूमच्या त्या दुकानात, परक्या देशातल्या माशावर बहिणीचं नख चाललं तेव्हा मला ती पहिल्यांदा दिसली.

*

लोअर साबी कॅम्प. गवती छपराची घरं, पुढे पडवी, पडवीतच बेसिन, फ्रीज आणि दोन विजेच्या शेगड्या. अंगणात ब्रायची चूल, म्हणजे लोखंडी जाळी घातलेला उभा चुलखंड.

जाळीवर आजवर कुणी काय भाजलं असेल सांगता येत नाही. जाळी लाल होईपर्यंत खाली जाळ करायचा हा एक मार्ग, आम्ही तो केला. शिवाय वर फॉइलचे दोन थर. शेगडीची कॉइल पूर्ण तापवून तांबडी केली. ओट्यावर फॉइल पसरली. बेसिनमध्ये भांडं थेट ठेवायचं नाही, आपलं टब ठेवायचं. पाऊण तास गेला. या पाऊण तासात नदीपलीकडे काय आलं, काय गेलं, मी पाहिलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. घर मांडल्याशिवाय मला कुठेच सुट्टी लागत नाही.

*

पहाटे वाटाड्याबरोबर पायी गेलो. त्याने वाळूतला एक ठसा दाखवला: दोन लांबट पाकळ्या, पुढे टोकदार, मिळून बदामासारखा आकार. इम्पाला. पुढे तसाच पण मोठा, गोलसर: गवा, म्हणजे इथला आफ्रिकी म्हसगवा. मग एक अखंड गोल ठसा: झेब्रा.

लेवीय ११, अनुवाद १४. खूर दुभंगलेला हवा आणि जनावराने रवंथ केलं पाहिजे. दोन्ही. शाळेत हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आमच्याकडून पाठ करून घेत, तेव्हा समोर ठाण्याच्या रस्त्यावरची गाय आणि खाटकाची बकरी एवढंच असायचं. इथे ते पान उघडून समोर चालत होतं. कुडू, इलंड, विल्डबीस्ट, इम्पाला: दोन्ही खुणा आहेत. वॉर्टहॉग म्हणजे रानडुक्कर: खूर दुभंगलेला, रवंथ नाही. हिप्पो: पायाला चार बोटं, रवंथ नाही. दुपारी सावलीत बसलेल्या इम्पालांचा कळप मी दुर्बिणीतून बघत बसले. गळ्यातून एक गोळा वर सरकतो, जबडा आडवा फिरायला लागतो, मग गोळा खाली जातो, क्षणभर थांबा, पुन्हा दुसरा. वाटाड्या म्हणाला, सिंह बघायला येणारी माणसं इम्पालाकडे बघतच नाहीत.

आम्ही बघत होतो. आमच्या ग्रंथानेच तशी सवय लावली आहे.

*

एक गैरसमज नेहमी आढळतो, तो इथे सांगून टाकते. इम्पाला कोशर जातीचा आहे म्हणजे लॉजमधलं इम्पालाचं मटण आम्हाला चालतं, असं नाही. जनावर जिवंत, धडधाकट असताना शोहेतने, म्हणजे धर्मनियम शिकलेल्या कापणाऱ्याने, धारदार सुरीने मधे न थांबता कापलं पाहिजे, मग तपासलं पाहिजे, रक्त मिठाने काढलं पाहिजे. बंदुकीने मारलेलं कुठलंही जनावर आम्हाला मेलेल्यासारखंच. शिकार हा खेळ आमच्या परंपरेत कधी मानाचा नव्हता, आणि मला त्याचं समाधान आहे.

*

जिराफ. दुभंगलेला खूर, रवंथ, सगळं बरोबर. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात चालणाऱ्या जनावरांच्या यादीत शेवटी 'झेमेर' येतो. जुन्या ग्रीक भाषांतराने त्याचा अर्थ जिराफ असा केला आहे. २००८ मध्ये इस्राएलमध्ये जिराफाचं दूध तपासलं तेव्हा ते फाटलं, दह्यासारखं धरलं. चालणाऱ्या जनावराच्या दुधाची ही एक खूण मानतात. "मान एवढी लांब, सुरी कुठे लावायची हे कळत नाही म्हणून खात नाहीत," असं लोक सांगतात. ते खरं नाही. जागा माहीत आहे, उलट भरपूर आहे. खात नाहीत कारण कुणी खाल्लेलं नाही, एवढं मोठं जनावर आवरायचं कसं हा प्रश्न आहे, आणि मुळात त्याला मारावं कशाला. बाभळीच्या काट्यांतून जांभळट काळी जीभ घालून तो पानं ओढतो ते एकदा जवळून पाहा.

*

दगडांच्या टेकडीवर सशाएवढे तपकिरी, बिनशेपटीचे प्राणी ऊन खात बसले होते. इथे डॅसी म्हणतात. बहीण ओरडलीच, "ताई, शाफान!" ग्रंथात उंट, ससा आणि शाफान एका ओळीत येतात: रवंथ करणारे पण खूर न दुभंगलेले, म्हणून न चालणारे. शाफान म्हणजे नक्की कोण, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. तिने मृत समुद्राजवळ एन गेदीला पाहिले होते. एक डॅसी आमच्याकडे बघत जबडा आडवा हलवत राहिला, अगदी रवंथ केल्यासारखा. प्राणिशास्त्र म्हणतं की तो गाई-हरणांसारखा रवंथ करणारा नाही आणि त्याचा जवळचा नातलग हत्ती आहे.

*

शहामृगाचं मांस वर्ज्य. पण याच देशात औट्सहोर्न गावच्या यहुद्यांनी शहामृगाच्या पिसांचा एवढा मोठा व्यापार केला की गावाला आफ्रिकेचं जेरुसलेम म्हणत. १९१४ मध्ये पिसांचा बाजार बसला. पीस खायचं नसतं, टोपीला लावायचं असतं, त्यामुळे त्यात अडचण काहीच नव्हती.

*

मधले दोन दिवस उद्यानाच्या कुंपणाबाहेरच्या एका खाजगी लॉजवर काढले. बुकिंग करताना "कोशर जेवण मिळेल" असं लेखी आलं होतं. पोचल्यावर कळलं, त्यांनी त्याचा अर्थ डुक्कर नाही एवढाच घेतला होता. रात्री बोमात, म्हणजे बोरूच्या गोल कुंपणात, मधे शेकोटी आणि कडेने कुडू, इम्पाला, वॉर्टहॉग. आम्ही संत्री सोलून खाल्ली. ऑगस्टात इथे संत्री फार गोड असतात, आणि अख्ख्या फळाला कुणाचा शिक्का लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं पातेलं घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. आचारी त्सोंगा होता, माझ्याहून थोडा लहान. त्याला मी सगळं सांगितलं, काही न लपवता: तुझं अन्न वाईट नाही, आमचा नियम आहे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मा, माझ्या आईच्या घरातही काही गोष्टी खात नाहीत." पुढे त्याने काही विचारलं नाही.

बटाटे आणि बटरनट भोपळा आम्ही माझ्या सुरीने कापला, फॉइलच्या दोन थरांत गच्च गुंडाळला, त्याच्या भट्टीत घातला. दुहेरी गुंडाळल्यावर भट्टीचं काही आत जात नाही. अंडी एकेक फोडून रक्ताचा ठिपका आहे का पाहिलं. आमची रीत सेफार्दी, त्यामुळे जाळ पेटवून भागत नाही, भांडंही आपल्या हाताने विस्तवावर ठेवावं लागतं. मी पाणी उकळत ठेवलं, आणि त्याने मला वुस्वा शिकवलं. मक्याचं पांढरं पीठ मूठमूठ सोडायचं, लाकडी उलथन्याने भांड्याच्या कडेला घोटायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, पुन्हा घोटायचं. आपली तांदळाची उकड जशी हाताला जड होत जाते तशी ती होते. उलथनं माझं, पातेलं माझं, विस्तवावर ठेवणं माझं, घोटणारा दंड त्याचा. वर कांदा-टोमॅटोची तिखट चटणी. लॉजवरचं सगळ्यात चांगलं जेवण तेच होतं. निघताना मी त्याला माझा झारा दिला आणि त्याच्या भाषेत "इंकोमू" म्हटलं. झारा पुन्हा घेता येईल.

*

नारळाचं दूध. आमच्या घरांत मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो, कारण मांसाबरोबर जनावराचं दूध, दही, तूप काहीच चालत नाही. कोकणाने आम्हाला झाड दिलं आणि नियम सोपा झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही, मोंबासा-झांझिबारला, भात आणि कालवण नारळाच्याच दुधात. तिकडे जाणाऱ्या आमच्यापैकी कुणाला चवीची अडचण पडू नये.

*

वाल निवडले गुरुवारी. निवडणं हे शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेल्या एकोणचाळीस कामांपैकी एक. चांगल्यातून वाईट वेगळं काढायचं नाही. म्हणून किडका दाणा, खडा, सगळं आधी. पडवीत परात मांडीवर घेऊन बसले, समोर साबी नदी, पाण्यात हिप्पोंचं घोरणं-खिंकाळणं. शेजारच्या घरातलं वयस्क आफ्रिकानर जोडपं येऊन बघत राहिलं. आजीबाई म्हणाल्या, माझी आई वाटाणे असेच निवडायची. बसल्या आणि निवडू लागल्या.

*

शुक्रवार. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी तीनपासून धावपळ.

मासा तळून ठेवला, गारच खायचा. चपात्या लाटल्या. काळ्या मनुका सकाळपासून भिजत घातल्या होत्या, त्या उकळून, कुस्करून, गाळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत केलं. इथे कोशर वाइन सहज मिळते, तरी आमच्या घरात किद्दुश मनुकांच्या सरबतावर होतो आणि जंगलातही त्याच्यावरच झाला. फ्रीजमधला दिवा काढून ठेवला. शब्बाथला दार उघडलं की तो पेटतो. डोक्यावर गवताचं छप्पर, त्यामुळे मेणबत्त्या उघड्यावर लावायची हिंमत होईना. स्टीलच्या डब्यात नदीकाठची वाळू भरून त्यात रोवल्या.

टेबलावर जोहान्सबर्गहून आणलेले दोन हल्ला पाव, वर रुमाल. मी आत ओढणी घ्यायला गेले. बाहेर येते तो रुमाल जमिनीवर, एक पाव गेलेला, आणि छपराच्या कडेला काळ्या तोंडाचं व्हर्वेट माकड दोन्ही हातांत तो धरून बसलेलं. सूर्यास्ताला वीस मिनिटं. हमोत्सीला, म्हणजे पावावरच्या आशीर्वादाला, दोन अखंड भाकऱ्या लागतात, रानात दुहेरी मान्ना मिळाला त्याच्या आठवणीसाठी. मी घाबरले. बहीण शांत. तिने डब्यातली एक अखंड चपाती काढली, उरलेल्या पावाशेजारी ठेवली, रुमाल झाकला. "आजीकडे कधी पाव होता का, ताई?" नव्हता. रेवदंड्याला आजीच्या ताटात दोन चपात्याच असायच्या.

*

शनिवारी कॅम्पमधल्या सगळ्या गाड्या पहाटेच बाहेर पडल्या. आमची उभी राहिली. कुंपणाच्या आत किती फिरायचं, हातात काय धरायचं, हे रब्बींना आधीच विचारून ठेवलं होतं. प्रत्येकाने आपल्या रब्बींनाच विचारावं. कॅमेरे शुक्रवारीच बॅगेत गेले होते.

काहीही करायचं नव्हतं. नदीकाठच्या बाकावर आम्ही बसलो. मत्स्यगरुडाची हाक येत होती. दहाच्या सुमाराला पलीकडच्या लव्हाळ्यातून हत्तीण आली, मागे दुसरी, मग पिल्लं, बावीस मोजले. सगळ्यात लहान पिल्लाला सोंड अजून वापरता येत नव्हती. सोंड बाजूला सारून ते गुडघ्यांवर टेकलं आणि तोंडानेच पाणी प्यायला लागलं. नाकात पाणी गेलं, शिंकलं, आईच्या पोटाखाली पळालं, पुन्हा आलं. तासभर ते चाललं. आम्ही बोललो नाही. संध्याकाळी शेजारचे आजी-आजोबा दीडशे किलोमीटर फिरून, सिंह पाहून आले आणि आनंदाने सांगायला लागले. आम्हीही त्यांना पिल्लाचं सांगितलं.

दहा दिवसांत मी जे काही पाहिलं त्यात ते पिल्लू पहिलं. त्याचा फोटो नाही.

*

बहिणीचे यजमान, म्हणजे माझे मेव्हणे, येमेनी. त्यांचे आजोबा १९४९ मध्ये विमानाने येमेनहून इस्राएलला आले, बरोबर एक शोफार, म्हणजे सणाला फुंकायचं शिंग, घेऊन. येमेनी लोकांचा शोफार मेंढ्याच्या शिंगाचा आखूड नसतो. लांब, पीळदार, कुडूच्या शिंगाचा असतो. चालणाऱ्या जनावराचं शिंग हवं आणि ते पोकळ हवं. हरणांची फांद्यांसारखी भरीव शिंगं चालत नाहीत, गाईचं चालत नाही. कुडूचं शिंग आत हाडाचा गाभा आणि बाहेर पोकळ म्यान असं असतं. गाभा निघाला की वारा आरपार.

रविवारी ऊन उतरताना, ओलिफांट्स कॅम्पकडे जाताना, झुडपांत नर कुडू उभा होता. राखाडी अंगावर चुन्याने ओढल्यासारखे पांढरे उभे पट्टे, गळ्याखाली दाढी, आणि डोक्यावर ती शिंगं, अडीच पीळ. मेव्हण्यांनी गाडी बंद केली. आमच्या नव्याच्या सणाला ते दरवर्षी आजोबांचा शोफार वाजवतात, त्याच्या प्रत्येक पिळावरून त्यांची बोटं फिरली आहेत. पण हे जनावर त्यांनी जिवंत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात वर करून हवेतच एकेक पीळ मोजला. कुडूने मान वळवली, कान हलवले, आणि दोन उड्यांत तो झाडीत गेला. मेव्हणे हिब्रूत काहीतरी म्हणाले. मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांनी त्याची माफी मागितली."

*

आफ्रिकेत कोशर म्हणजे फक्त जोहान्सबर्ग असं समजू नये. युगांडात म्बालेजवळ अबायुदाया लोक आहेत. १९१९ मध्ये सेमेई काकुंगुलू या त्यांच्या पुढाऱ्याने ग्रंथ वाचून यहुदी धर्म धरला. इदी अमीनच्या काळात त्यांच्या धर्मावर बंदी होती, तरी ते टिकले. त्यांच्यात शोहेत आहेत, ते स्वतः कोंबडी कापतात, तपासतात. नैरोबीत १९१० च्या दशकापासून सिनेगॉग आहे. आणि १९०३ मध्ये इंग्रज सरकारने यहुद्यांना वसायला देऊ केलेला मुलूख 'युगांडा योजना' म्हणून ओळखला जातो, तो खरं तर आजच्या केनियातला. १९०५ च्या झायनिस्ट काँग्रेसने तो नाकारला.

अबायुदाया मला जवळचे वाटतात. आमच्यासारखेच, नकाशाच्या कडेला राहून पाळत आलेले.

*

शेवटच्या सकाळी मालिदा केला. पोहे धुऊन मोकळे केले, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. एलियाहू हनाबीचं नाव घेतलं, सुखरूप फिरवून आणलंस म्हणून. घर झाडायला येणाऱ्या बाईंना वाटीभर दिला, शेजारच्या आजींना दिला. आजींनी कृती लिहून घेतली, 'पोहे' हा शब्द तीनदा म्हणून पाहिला.

*

जाणार असाल तर: मांस जोहान्सबर्गलाच घ्या आणि गोठवून न्या. पातेली दोन न्या, मांसाला एक आणि दुधाला एक, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कान बांधा. फॉइल वाटते त्याच्या दुप्पट लागते. मासा अख्खाच घ्या. लॉजला "कोशर" एवढा एकच शब्द लिहून थांबू नका, काय चालतं आणि काय नाही ते ओळीओळीने लिहा आणि पोचल्यावर आचाऱ्याला स्वतः भेटा. पोहे दोन किलो जास्त. पाव नुसता झाकून बाहेर ठेवू नका, घरात ठेवा आणि दार लावा. फ्रीजमधला दिवा शुक्रवारी दुपारीच काढा, संध्याकाळी आठवत नाही.